‘व्हेजिटेबल’ म्हणजे ‘व्हेज’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण बँकॉकला जाऊन आलेल्या एका वाचकांचं पत्र छापलंत. भाजीची म्हणून मागवलेली करी माशाच्या पाण्यात (म्हणजे फिश सॉसमध्ये) शिजवलेली निघाली, थाय हॉटेलवाले शाकाहारी माणसाला सरसकट फसवतात, असा त्यांचा सूर आहे. त्यांचा मनस्ताप मला कळतो, तो आमच्या घरातही होऊन गेला आहे. ‘फसवतात’ हा शब्द मात्र खटकला, म्हणून लिहिते.

आमचे हे साताऱ्याचे, मी माहेरची मालवणची. सध्या सहा महिने मुलाकडे सिडनीला आलो आहोत. हे माळकरी. इथल्या विमानतळावर लाकूड, बिया, झाडपाला असलं काहीही जवळ असेल तर सांगावं लागतं. तिथल्या अधिकारी मुलीने यांच्या गळ्यातली तुळशीची माळ वाकवाकून पाहिली आणि हसून ‘जा’ म्हणाली, तेव्हा कुठे यांचा जीव भांड्यात पडला. मी मासे खाते. ते लग्नाआधीच ठरलं होतं, फक्त भांडी वेगळी.

सिडनीत हेमार्केट भागात कॅम्पबेल स्ट्रीटच्या आसपास सगळी थाय वस्तीच आहे, तिथे मुलाने एकदा नेलं होतं. पण लहानसं थाय हॉटेल इथे उपनगरांतूनही असतंच, आपल्याकडे नाक्यावर उडप्याचं असायचं तसं. आमचं लाँड्री आणि औषधांचं दुकान यांच्या मधोमध आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून कुणी उगाच त्यांना नावं ठेवायची. आठ टेबलं. मालकीणबाई आत रांधतात, भाचा बाहेर वाढतो. दुपारचं ताट १६ डॉलरला. रविवारी १० टक्के जादा, असं दारावरच लिहिलंय, त्यामुळे रविवारी हे तिकडे फिरकत नाहीत. आमचा वार गुरुवार.

पहिल्या दिवशी बाईंनी हात जोडून काहीतरी विचारलं. भाच्याने सांगितलं, ‘भात खाल्लात का?’ असा अर्थ आहे, त्यांच्याकडे खुशाली विचारायची ती अशीच. यांना ते एवढं आवडलं, की आता घरी सुनेला रोज ‘किन खाव रू यांग’ ऐकून घ्यावं लागतं. मला त्या ‘पा’ म्हणतात, म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. बाई पंचावन्नच्या तरी असतील, मी अडुसष्टची. चालायचंच.

जेवायला काड्या नाहीत, चमचा आणि काटा. काट्याने भात चमच्यात लोटायचा आणि चमचाच तोंडात न्यायचा. काड्या त्यांच्याकडे फक्त नूडल्सना. टेबलावर चार बरण्यांचं एक कडबोळं असतं. त्यात सुक्या मिरचीची पूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर, माशाचं पाणी आणि चक्क साखर. वाढणाऱ्याने चव बेतायची नाही, ज्याची त्याने बेतायची. मी मागवते ती कच्च्या पपईची कोशिंबीर. मातीचा खल, लाकडी बत्ता, आणि आतून टकटक आवाज यायला लागला की समजायचं आपलं पान येतंय. त्यात भाजलेले शेंगदाणे ठेचतात. दाण्याचा कूट घालायची अक्कल आपल्यालाच आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

हे मागवायचे ‘ग्रीन करी, व्हेजिटेबल’. इथे आल्यापासून तीन आठवडे यांचं अन्नावरचं मन उडालं होतं. दहीभात, पोहे, ब्रेड, तेही अर्धं टाकायचे. पहिल्या गुरुवारी नारळाच्या दुधातली ती हिरवी करी यांनी वाटी पुसून खाल्ली आणि दुसऱ्यांदा भात मागितला. सुनेने घरी आल्यावर विचारलं, ‘बाबा, आवडलं?’ तर म्हणाले, ‘पोट भरलं.’ सातारकराच्या तोंडी याहून मोठी पावती नसते.

चौथ्या गुरुवारी यांनी हौसेने कृती विचारली. बाई खूश. एका ताटात सगळा मसाला मांडून घेऊन आल्या. गवती चहाच्या जाड दांड्या, आपल्याकडे वैद्य देतात ते कुलिंजन, लिंबाची दुहेरी पानं, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची मुळं. जुडी घरी आली की मुळं पहिली कापून टाकणाऱ्या बाया आपण, आणि इथे तीच धुऊन वाटणात. शेवटी एक छोटी बरणी उघडली. आत जांभळट-राखाडी गोळा. वास आला आणि मी काही कळायच्या आत मोठ्याने म्हणून गेले, ‘अगो बाई, जवळा!’

तो जवळाच होता. आपल्या किनाऱ्यावर सुकवतात तसलीच बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाटून, वाळवून त्याचा गोळा करतात. नाव ‘कपी’. तो नसेल तर हिरव्या करीचं वाटण पुरं होत नाही म्हणे.

यांनी चमचा खाली ठेवला. रागावले नाहीत, पण गळ्यातल्या माळेवर हात गेला, तो बाईंनी पाहिला. त्यांना काही उमगेना. चिकन नाही, मासा नाही, भाजी मागितली, भाजी दिली! खरं म्हणजे त्यांचं काय चुकलं? ‘व्हेजिटेबल’ म्हणजे भाजी, आणि करीत भाजीच होती. ‘व्हेज’ हा शब्द आपला आहे. पुडीवरच्या हिरव्या ठिपक्याला आपण इतके सरावलोय, की जगातल्या प्रत्येक ताटावर तो असणारच असं धरून चालतो. त्यांच्या लेखी कपी आणि माशाचं पाणी ही मिठाची जागा. आमटीत मीठ घातलंय, असं आपण कधी कुणाला सांगत बसतो का?

पत्रलेखकांसाठी म्हणून लिहिते, थाय भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. एक ‘जे’. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. फुकेतला त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा सण असतो, साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास. तेव्हा पिवळ्या निशाणावर लाल अक्षरांत हा शब्द दुकानोदुकानी लागतो. दुसरा शब्द ‘मंगसविरात’. भाच्याने तो उच्चारला मात्र, आणि हे जागचे उठले. पस्तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलंय यांनी. ‘अगं, ही तर आपली मांस-विरती!’ जवळा बाजूलाच राहिला, पुढची दहा मिनिटं बिचाऱ्या त्या पोराला संधी आणि समास. एवढं करूनही धाकधूक वाटली, तर ‘माय साय नाम प्ला, माय साय कपी’ म्हणावं. म्हणजे माशाचं पाणी घालू नका, कपी घालू नका. मीही आता न अडखळता म्हणते.

पुढच्या गुरुवारी बाईंनी कपीशिवायचं वाटण वेगळ्या खलात केलं, मीठ आणि सोया सॉस घालून. पैसे तेवढेच घेतले. चव उणी होती. हे काही बोलले नाहीत, पण भात एकदाच घेतला.

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर परतलेलं चिकन आलं, वर तळलेलं अंडं. ताटलीतून आलेला वास यांना थेट वृंदावनातला वाटला. ‘क्रपाव’ म्हणतात ती पानं म्हणजे आपली तुळसच. पुष्कळ हॉटेलांत तिच्याऐवजी सब्जाच्या जातीची पानं घालून वेळ निभावतात, या बाई मागच्या दारी कुंडीत वाढवतात. हे कुंडीपाशी गेले, पान चुरडून हुंगलं आणि हात जोडले. बाईंनी काय अर्थ घेतला देव जाणे, जाताना एक रोप बांधून दिलं. ते आता मुलाच्या बाल्कनीत आहे आणि तिथे त्याला चिकनची भीती नाही.

आता माझंही थोडं कबूल करते. तो वास मला पहिल्याच गुरुवारी आला होता. मालवणच्या बाईला जवळा ओळखू येणार नाही, असं कसं होईल? पण हे पहिल्यांदाच पोटभर जेवत होते, मी पपईच्या कोशिंबिरीत तोंड घालून गप्प बसले. मग दुसऱ्या गुरुवारीही, आणि तिसऱ्याही. तेव्हा फसवणुकीचा हिशेब मांडायचाच तर त्या बाईंच्या आधी माझं नाव घालावं लागेल. यांना अजून हे ठाऊक नाही. पत्र छापलंत तर कळेलच, कारण सकाळी फोनवर तुमचा पेपर उघडला की हे आधी वाचकांच्या पत्रांवर जातात.

आपली,
एक वाचक, सातारा (सध्या मुक्काम सिडनी)