वेलांटी आधी, मग अक्षर

पुणे,
रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. फोनवरच सांगणार होते, तीनदा लावलाही. पण बाबा, तुम्ही 'बरं' म्हणून फोन आईकडे दिला असता, आईनं जेवलीस का विचारलं असतं, आणि सांगायचं ते पुन्हा राहिलं असतं. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, आईला भिंग शोधायला नको. तरी बाबा, तुम्हीच वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता हे आईला माहीत आहे.

तर, यंदा मी राज्यसेवेचा फॉर्म भरला नाही.

गट-कचा भरलाय, लिपिक-टंकलेखक आणि कर सहायक. आणि गेले सात महिने मी रोज सकाळी टायपिंगच्या क्लासला जाते. मराठी थर्टी (मिनिटाला तीस शब्द) सुटलं, सर्टिफिकेटही आलं. इंग्लिश फॉर्टीची परीक्षा पुढच्या महिन्यात. कर सहायकाला दोन्ही लागतात म्हणून.

बाबा, आता तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. घाला परत.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणायचात. कागद टाइप करणारी नको, कागदावर सही करणारी हो. तहसीलच्या भिंतीला टेकून तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बडवलीत ती माझ्या हातात मशीन देण्यासाठी नव्हे. पेढे वाटल्यासारखं तुम्ही बार्शीभर सांगून ठेवलंय, तेही माहीत आहे. पण ऐका. 2025 पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली. मी इतकी वर्षं गोल काळे करायचा अभ्यास केला, आता पानंच्या पानं लिहायची म्हणजे श्रीगणेशा पुन्हा. वयाची अट खुल्या गटाला 38 आहे, माझी सात वर्षं उरलीत हे खरं. पण उरलीत म्हणून खर्चच करायची का? कर सहायकाचं मूळ वेतन 25,500 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता वेगळा. लिपिकाचं 19,900. आत शिरलं की खात्यांतर्गत परीक्षा देऊन वर जाता येतं. म्हणजे सही करायची वाट अगदीच बंद होत नाही...

बघा, वकिली करायला लागले. हे सगळं खरं आहे, पण कारण हे नाही.

दिवाळीत फडताळात वाती शोधत होते तेव्हा तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. प्रत्येक गोळी अर्धी केलेली. ब्लेडनं, सरळ रेषेत, तुम्ही कागद कापायचात तशी. मी काही बोलले नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. ती आता ऐकतेय, तर ऐकू दे. महिन्याची गोळी दोन महिने पुरवून जे पैसे माझ्या खात्यात येत होते, त्यावर मी कट-ऑफचे दीड-दीड मार्क मोजत बसले होते. पुण्याला परत आले त्याच आठवड्यात क्लास लावला. रागावून नाही हो. मला दुसरं काही सुचलं नाही.

माझी काळजी करू नका. खोली बदलली, आता आम्ही दोघीच आहोत, आणि खिडकी पूर्वेला आहे. आधीच्या कॉटबेसिसला फक्त जिन्याचा बल्ब दिसायचा. अभ्यासिकेत संध्याकाळी रजिस्टर सांभाळते, त्यामुळे माझ्या टेबलाचं भाडं माफ. क्लासची फी त्यातच निघाली. सकाळचा डबा मेसचा, रात्री मी कुकर लावते. शेंगदाण्याची चटणी अजून पाव बरणी आहे, पुरवून खातेय. (गोळीसारखी नाही.) झोपही होते. वजन दोन किलो वाढलंय, आईनं ही ओळ दोनदा ऐकावी.

क्लासची गंमत सांगते. सगळी बारावीची पोरं, मला ताई म्हणतात. पहिल्या दिवशी मी बसले आणि दोन बोटांनी सुरू केलं, खटाखट, तुमच्यासारखं. सर मागून आले, पुठ्ठ्याचा खोका उलटा करून माझ्या हातांवर ठेवला, आणि म्हणाले, आता लिहा. खोक्याखाली माझे हात आंधळे! मिनिटाला चार शब्द. शेजारचा मुलगा एकवीसवर होता. त्या रात्री मी नखं कापली आणि थोडी रडलेही. थोडीच.

मग हळूहळू कळायला लागलं. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, हरभऱ्याच्या डाळीच्या टोकाएवढा. तर्जनी तिथं टेकवली की बाकीची बोटं आपापल्या घरी जातात. मी इनस्क्रिप्ट शिकले, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मराठी बटणांची एक मांडणी. त्यात स्वर-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क दाबला तर क, शिफ्ट धरून तोच दाबला की ख. ग-घ, त-थ, प-फ सगळी तशीच जोडीनं नांदतात. पहिल्या आठवड्याचा धडा होता 'परत'. तिन्ही अक्षरं उजव्या हाताची, मधल्या ओळीतली. पानभर परत परत परत. मग 'पत्र' आलं, त्यात त चा पाय मोडायचा असतो, आणि तो मोडायचं बटण डाव्या मधल्या बोटाखाली. 'बाबा' सोपं आहे, एक उजवीकडून, एक डावीकडून, पुन्हा तेच, पाळण्याला झोका दिल्यासारखं. 'आई'ला मात्र उजवी करंगळी शिफ्टवर दाबून धरावी लागते आणि डाव्या हाताची दोन बोटं वरच्या ओळीत शेजारी-शेजारी. आईचं सगळंच करंगळीवर ताण देणारं. हसा आता.

पण बाबा, एका गोष्टीनं मला महिनाभर छळलं, आणि ती तुमच्यामुळे. तुमच्या गोदरेजच्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. मी टेबलाखाली बसून ऐकलेलं होतं, तुम्ही नव्या पोराला सांगायचात, 'वेलांटी आधी, मग अक्षर, नाहीतर कागद वाया.' इथं उलटं. आधी अक्षर, मग वेलांटी, जसं तोंडानं म्हणतो तसं. ती मारायची डाव्या तर्जनीनं, उंचवट्याच्या त्याच बटणावर. माझं बोट कायम आधीच पडायचं. 'किती' लिहायला गेले की वेलांटी एकटीच भुतासारखी उभी. सर म्हणाले, ताई, ही सवय कुठून आणली? मी म्हटलं, घरून.

तुम्हाला आठवतं का, ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची आणि मी धावत येऊन तो दांडा ढकलायची? तुम्ही लिहिता लिहिता हात बाजूला घ्यायचात, मला ढकलू द्यायचात. एखादा पक्षकार वैतागला की म्हणायचात, मॅडमना करू द्या. माझ्या पांढऱ्या फ्रॉकला कार्बनचे डाग पडले तेव्हा आईनं आपल्या दोघांना किती बोलून घेतलं! मला आजही कार्बन पेपरच्या वासानं झोप येते. अभ्यासिकेत कार्बन नाही म्हणून जागी राहते असं समजा.

बरं, आता कामाचं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवायचं नाही. तुम्ही गेल्या चार महिन्यांत पाठवलेले पैसे मी काढलेले नाहीत, सोमवारी परत तुमच्या खात्यात टाकते. त्यातून डोळा. दादाला मी बोलले आहे, तो गाडी घेऊन येईल, वहिनी आठ दिवस राहील. तिला स्वयंपाकघरात मोकळं सोडा, आई, मीठ कमी पडलं तर पडू दे. थेंब घालायच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. वाकून झाडायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, डोकं धुवायचं नाही डॉक्टर सांगेपर्यंत. बाबा, अर्ध्या गोळ्या आजपासून बंद, पूर्ण गोळी, आणि ब्लेड दादाकडे द्या. ऊसाचा रस 'चवीपुरता' नाही. शेजारच्या काकूंकडून मला सगळं कळतं. अंगणात शेवाळ झालंय म्हणे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. आणि फोन चार्ज करून ठेवा, बंद लागला की इथं माझा जीव वरखाली होतो.

कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार करत असाल. सांगा, परीक्षा देतेय. खोटं नाही ते. निवड झाली नाही तर आपण तेव्हा बघू. आणि झाली तर तुमच्या पोरीनं टाइप केलेल्या कागदावर सही दुसऱ्याची असेल, एवढंच. तुम्हाला थोडं लागेल, मला ठाऊक आहे. मलाही लागलं. पण तुमच्या हाताखालून इतके कागद गेले, त्यात एक काना चुकलेला मी पाहिला नाही, आणि ते मला कधी कमी वाटलं नाही.

शेवटचं. मशीन माळ्यावरून खाली काढायचं नाही. तुम्ही हे वाचून लगेच शिडी लावाल, मी ओळखते तुम्हाला. ते धूड पंधरा किलोचं आहे आणि तुमचा खांदा अजून आखडतो. इंग्लिशची परीक्षा झाली की मी चार दिवस येतेय, मीच काढीन. तोवर बाजारात एवढं विचारून ठेवा, त्याची रिबीन अजून कुठं मिळते का.

तुमची,
मनी