तोंडाच्या कर्करोगावर जुन्या लशींची चाचणी सरकारनेच करावी

मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

आपण बुलढाण्याचे, त्यामुळे तंबाखू-सुपारीचा खर्रा काय चीज आहे हे आपल्याला सांगायला नको. मी विदर्भात कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करतो. ओपीडीत रोज अशी माणसं येतात की 'तोंड उघडा' म्हटलं तर दोन बोटंही आत जात नाहीत. गालाच्या आत गाठ, मानेत दुसरी. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, खर्च सांगितला की सोबतचा मुलगा मान खाली घालतो. त्या मुलासाठी हे पत्र लिहितो आहे.

विषाणूजन्य आजारांच्या ज्या लशी आपण वर्षानुवर्षं वापरतो, त्या थेट गाठीत टोचून पाहण्याचं संशोधन जगात सुरू आहे. अनेक गाठींत आपल्या लढाऊ पेशी शिरतच नाहीत. लस तिथे विषाणू आल्याची वर्दी देते आणि त्या पेशी धावून येतात, अशी ही कल्पना. 2019 मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांच्या गाठींत रोटाव्हायरसची (बाळांना जुलाबापासून वाचवणारी) लस टोचली, तेव्हा इम्युनोथेरपीला दाद न देणाऱ्या गाठीही दाद देऊ लागल्या. 2020 मध्ये शिकागोत फ्लूच्या साध्या लशीने उंदरांतल्या गाठींची वाढ रोखली. मात्र परिणाम वाढवण्यासाठी तेलकट घटक मिसळलेली फ्लूची लस वापरली, तर तो गुण दिसला नाही. म्हणजे कोणती लस, कोणत्या स्वरूपात, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे. 2018 मध्ये अमेरिकेत नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंच्या पायावरच्या त्वचेच्या कर्करोगात एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावासाठी देतात ती) लस टोचली आणि गाठी नाहीशा झाल्या. पण ती एकच रुग्ण. त्यामुळे कुणी चालू उपचार सोडून लशीमागे धावू नये, हे मी माझ्या रुग्णांनाही बजावतो.

लस कर्करोगावर चालते याचं जुनं उदाहरण क्षयावरची बीसीजी. ती जिवाणूची लस, पण 1976 पासून मूत्राशयाच्या कर्करोगात तिचा उपयोग माहीत आहे. आजही नळीने ती मूत्राशयात सोडतात, रुग्ण दोन तास लघवी रोखून धरतो, असं सहा आठवडे. आणि स्वस्तात मोठं काम आपल्याकडेही झालं आहे. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

साहेब, जुन्या लशीची अशी चाचणी कंपनी कशाला करेल? पेटंट नाही, नफा नाही. परवानगीचा अडसर तितका मोठा नाही: 2019 च्या नियमांप्रमाणे विक्रीची मान्यता मिळवण्यासाठी नसलेली शैक्षणिक चाचणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीने करता येते. अडतं ते पैशापाशी. तपासण्या, विमा, अपाय झाल्यास भरपाई, हे एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजने कुठून आणावं?

म्हणून विनंती अशी. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरच्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं) यांनी मिळून तोंडाच्या कर्करोगावर एक चाचणी हाती घ्यावी. इथली गाठ डोळ्यांना दिसते, सुई पोहोचते, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत लस देऊन, नंतर काढलेल्या गाठीत काय बदललं ते थेट पाहता येतं. सुरुवात फ्लूच्या निष्क्रिय, म्हणजे मेलेल्या विषाणूच्या लशीने व्हावी. केमोने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना जिवंत विषाणूची लस देणं धोक्याचं. रोटाव्हायरसची लस पुण्यात आणि हैदराबादेत बनते, पण ती तोंडावाटे द्यायची. सुईने द्यायची तर तिची शुद्धता आधी वेगळी तपासावी लागेल. निकाल काहीही येवो, तो जाहीर व्हावा.

चाचणीच्या केंद्रांत विदर्भातलं एक तरी असावं. नाहीतर आमचा रुग्ण नाव नोंदवायला मुंबईला जायचा, आणि दुसऱ्या फेरीचं भाडं नाही म्हणून मधेच गळायचा.

आपला नम्र,
विदर्भातील एक कर्करोगतज्ज्ञ