चौदा तासांचा हिशोब

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आठवड्याला १४ तास शिकवायचं, मग बाकीचा आठवडा करतेस काय?" १४ चा आकडा खरा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाला वर्गावर तेवढेच तास आहेत. पण त्याच नियमांत आठवड्याला किमान ४० तासांचं कामही धरलंय, ते कोणी सांगत नाही.

त्यात पेपर काढणं आलं, तपासणं आलं. आता गठ्ठे येत नाहीत, उत्तरपत्रिका स्क्रीनवर येतात. (आई, चष्म्याचा नंबर त्यानेच वाढलाय, जागरणाने नाही.) नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यास मंडळाच्या बैठका वाढल्यात. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायलींबद्दल न लिहिलेलंच बरं.

वर्गात मात्र अजून मजा येते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो, ते शिकवायला मी कांदाच घेते. भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. त्यामुळे पीक भरघोस आलं की शेतकऱ्याच्या हातात उलट कमीच पैसे पडतात. शहरातल्या मुलांना हे आलेखात कळतं, पण खरं वाटत नाही. मग मी ऑगस्ट २०२३ मधल्या ४० टक्के निर्यातशुल्काचा विषय काढते, त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या निर्यातबंदीचा काढते, आणि लासलगावच्या लिलावात त्याचं काय होतं ते विचारते. तास संपला तरी वाद संपत नाही.

तुम्हाला आवडणार नाही, पण रोज पाव किलो कांदा घेणाऱ्या बाईची बाजूही मी त्यांच्याकडून तेवढ्याच जोरात मांडून घेते. माझं मत तुमच्याच, शेतकऱ्याच्या, बाजूचं आहे. पण मार्क मताला नाहीत, मांडणीला द्यायचे असतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पीएच.डी.च्या मुलांत. एकेक प्रकरण तीन-तीनदा वाचायचं, आकडे कुठून आणले ते खोदून विचारायचं. त्यातला एकजण कांदाचाळीवर काम करतोय: उन्हाळ कांदा साठवून पावसाळ्यानंतर विकला, तर सड आणि वजनातली घट धरून खरंच परवडतं का? सरकारी आकड्यांत बाजारभाव मिळतो, चाळीत काय सडलं ते मिळत नाही.

म्हणून तुमच्या ट्रंकेतल्या कांदाविक्रीच्या जुन्या हिशोबपट्ट्या आणि ती लाल वही आई रद्दीत घालणार नाही, एवढं बघा. दिवाळीआधी तो मुलगा त्या बघायला येईल. त्याला जेवायला थांबवा, आणि चाळ आतून दाखवा.

तुमची,
ताई