नाना, तुमच्या काळ्या डायरीबद्दल थँक्यू

नाना, तुम्ही फोनवर वाचत नाही हे माहितीये, पण नात वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. तोंडावर बोललो तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय संपवता.

मागच्या वर्षी नाशिकला म्हसरूळच्या प्लॉटवर बांधायचं ठरलं तेव्हा माझं बजेट म्हणजे एक गुणाकार होता. खाली हजार फूट, वर हजार फूट, कॉन्ट्रॅक्टरचा रेट १९०० रुपये फूट, म्हणजे ३८ लाख, झालं! तेवढ्याच लोनसाठी बँकेत फाइल टाकायला निघालो होतो आणि तुम्ही गेटवर अडवून विचारलंत, "यात मुरूम कोणाचा?"

मला प्रश्नच कळला नव्हता.

मग तुमच्या ओट्यावर बसून तीन संध्याकाळी ती काळी डायरी उघडली. पीडब्ल्यूडीतून रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी तुमचं अजून तेच, लांबी, रुंदी, उंची, नग, एकूण. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते म्हणून जोत्याच्या आतली काढून मुरूम भरायचा, हजार फुटाला अडीच फूट भराव म्हणजे २५०० घनफूट, शंभर घनफुटाचा एक ब्रास धरून २५ ब्रास, आणि धुमसून बसल्यावर खाली जातो म्हणून गाडीच्या मापाने ३० च्या वर धरायचा. कोटेशनमध्ये याचं नावच नव्हतं. कंपाउंड नाही, जमिनीतली टाकी नाही, लाइटचं मीटर नाही, परमिशनचे पैसे नाहीत. आणि गॅलरी अन जिन्यावरची टोपी (गच्चीवरची जिन्याची छोटी खोली) मात्र कॉन्ट्रॅक्टर पूर्ण रेटने फुटात मोजणार होता, ते तर मी कधीच पकडलं नसतं. तुमची बेरीज ४७ लाखांवर गेली तेव्हा आमच्या हिने मला असं बघितलं की मीच वाढवलेत. शेवटच्या ओळीत तुम्ही ५ टक्के "अडीअडचण" लिहिलंत, मी म्हणालो हे नंतर बघू, तर पेन खाली ठेवून म्हणालात, "मग बांधूच नको."

बँकेत फाइल तुमच्याच एस्टिमेटवर इंजिनिअरचा सहीशिक्का घेऊन टाकली. ३८ चं लोन घेतलं असतं तर वरचा स्लॅब टाकल्यावर पैसे संपले असते आणि अर्धवट घरासाठी जास्तीचं लोन मागत कुठे फिरलो असतो देव जाणे.

पण खरी मजा सळईच्या दिवशी. दोन टन बारा एमएम आलं, वजनकाट्याची पावती बरोबर, मी सही करणार तेवढ्यात तुम्ही स्लीपर घालून आलात आणि एक तुकडा बरोबर मीटरभर कापायला लावलात. तो घेऊन आपण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दुकानदार साखर मोजत होता, त्याच काट्यावर सळई! ८९० ग्रॅम. तुम्ही माझ्या तळहातावर पेनाने लिहिलंत, जाडी बारा गुणिले बारा भागिले १६२ हा ठरलेला आकडा, म्हणजे मीटरला ८८९ ग्रॅम, बारा मीटरच्या सळईला १०.६६ किलो, दोन टनात १८७ नग तरी हवेत. मोजले तर १८०. पावतीवर वजन बरोबर आणि नग सात कमी, म्हणजे पाऊण क्विंटल लोखंड वाटेतच उतरलं. सप्लायरला फोन केला तर आधी आवाज चढवला, मग तुम्ही फोन घेऊन फक्त "वजन आपण दुसऱ्या काट्यावर करू" म्हणालात आणि संध्याकाळी सात नग आले, चहापाण्याचं काही न बोलता. तळहातावरचा तो हिशोब मी दोन दिवस नीट धुतला नव्हता, हसू नका.

शेवटी खर्च ४८ लाख ६० हजार झाला. ४७ च्या वरचे तुमच्या अडीअडचणीतून गेले, त्यातले बरेचसे किचनच्या ओट्याला आणि टाइल्सला, ते तुमच्या डायरीत बसत नव्हतं, मान्य.

पैशाचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. ठीक आहे, आता नाही देत. वास्तुशांतीला मात्र पहिल्या पंगतीला बसायचं, काकूंनाही घेऊन.

आणि एक, डायरी अजून माझ्याकडेच आहे. मेव्हण्याने पाथर्डी फाट्याला प्लॉट घेतलाय, तोही फुटाच्या रेटवर खुश होऊन बसलाय. त्याला आठवडाभर देऊ का, की ओट्यावरच घेऊन येऊ?