जुन्या स्कूलबसचं घर करून राहणारे पोटाला काय करतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. सव्वीस वर्षं बसगाड्यांच्या बॉड्या बांधण्यात गेली, आता रिटायर झालोय पण साखळीच्या वाटेवर माझी छोटी शेड आहे, तिथे वेल्डिंगचं आणि पत्र्याचं काम अजून घेतो. पत्र लिहायचं कारण म्हणजे सध्या पोरांच्या मोबाईलवर अमेरिकेतले ते व्हिडिओ सारखे येतात, जुनी पिवळी स्कूलबस विकत घ्यायची, सीटा काढून टाकायच्या, आत बिछाना, शेगडी, टपावर सोलर आणि नवरा-बायको, कधी पोरंबाळं, कुत्रं सगळे त्यातच राहतात. परवा तिठ्यावरच्या हॉटेलात चहा घेताना असाच एक व्हिडिओ चालू होता आणि बाजूचे एक काका म्हणाले, "तें सगळें बरें, पूण हे खातात कितें?" सगळे हसले. एकजण म्हणाला बापाचा पैसा असणार, दुसरा म्हणाला यूट्यूबवर कमावतात, तिसरा म्हणाला हे हिप्पीच, हणजुण्याला येऊन पडायचे तसले. मला ते बोलणं लागलं. ह्या लोकांचं पोटापाण्याचं मला थोडंफार माहीत आहे आणि ते आपल्याकडच्या लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

माझी भाची तिकडे नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक नर्स यायची, ती कायमची नव्हती, ट्रॅव्हल नर्स म्हणतात त्यांना. एखाद्या हॉस्पिटलात माणसं कमी पडली की ह्या नर्सना साधारण १३ आठवड्यांच्या करारावर बोलावतात, करार संपला की दुसरं हॉस्पिटल, दुसरं राज्य. दर तीन महिन्यांनी नवी खोली शोधायची, डिपॉझिट भरायचं, सामान हलवायचं, ह्याला ती ट्रॅव्हल नर्स कंटाळली. तिचा नवरा वेल्डर, तोसुद्धा साइट बदलेल तसा हिंडणारा. दोघांनी मिळून लिलावातून जुनी स्कूलबस घेतली. भाचीने मला व्हिडिओ कॉल लावला, "मामा, तुला बस कळते ना, ह्यांचा फ्लोअर बघ जरा." तर असं माझं ह्या प्रकरणात येणं झालं.

त्यांची बस बघून मी खरंच थक्क झालो. चाळीस फुटी गाडी, बॉडीला जाड पत्र्याच्या कमानी, रिव्हेट मोजता मोजता दमायला होईल, इतकं मजबूत काम की गाडी उलटली तरी आतल्या पोरांना काही होऊ नये. तिकडे १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सगळ्या राज्यांची माणसं आणि बस बांधणारे एकत्र बसले आणि स्कूलबसची मापं नि रंग ठरवला, तोच पिवळा रंग अजून चालू आहे. शाळा बारा-पंधरा वर्षं वापरून गाडी लिलावात काढतात, तोवर इंजिनाचा जीव अजून बराच शिल्लक असतो. म्हणून लोक घेतात. घर केल्यावर मात्र बऱ्याच राज्यांत पिवळा रंग बदलावा लागतो, लाल झगमगणारे दिवे नि तो बाजूला उघडणारा स्टॉपचा बोर्ड काढावा लागतो, नाहीतर मागचे गाडीवाले पोरं उतरतायत समजून थांबतील.

फ्लोअरचं सांगतो कारण तिथेच खरं काम असतं. वर रबर, त्याखाली प्लाय, त्याखाली पत्रा. सीटांचे बोल्ट आरपार गेलेले, तिथून पाणी जाऊन प्लाय कुजतो आणि पत्र्याला गंज. मी त्यांना सांगितलं, आधी सगळं उखडा, ग्राइंडर मारा, रेड ऑक्साइड द्या, मगच वर लाकूड. त्यांनी ते केलं आणि बोल्टांची भोकं कशाने बुजवली माहीत आहे? एक सेंटच्या नाण्यांनी! नाणं बरोब्बर त्या भोकावर बसतं, खाली सीलंट, झालं. तिकडे बस करणारे बरेचजण हेच करतात म्हणे. मला ते फार आवडलं, आपल्याकडचा मिस्त्रीसुद्धा असंच हाताला येईल त्यातून मार्ग काढतो.

ह्या दोघांच्या निमित्ताने भाचीने मला बाकीच्यांचंही सांगितलं, ती त्यांच्याबरोबर एक-दोनदा अशा बसवाल्यांच्या तळावर जेवायला गेली होती. तर हॉटेलातल्या काकांसाठी सांगतो, पोटाला काय करतात. कॉम्प्युटरवर काम करणारे आहेतच, २०२० नंतर घरून काम चालू झालं आणि आता उपग्रहावरून इंटरनेट मिळतं म्हणून रानात गाडी लावूनही ड्युटी करतात, त्यांचं एवढं नवल नाही. पण हाताने काम करणारे तेवढेच दिसतात. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पाइपलाइनवर फिरणारे वेल्डर. काहीजण नुसतं दुसऱ्यांच्या बस बांधून देतात, स्वतःची करताना शिकले आणि तोच धंदा झाला. मग हंगामी कामं. मिनेसोटा नि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे, तिथे बीटापासून साखर होते, ऑक्टोबर लागला की बीटाच्या हंगामाला माणसांची झुंबड, बारा बारा तासांच्या पाळ्या, थंडीत, आणि काम संपलं की सगळे पांगतात. ख्रिसमसच्या आधी मोठ्या गोदामांत पार्सल भरण्याचं काम, अॅमेझॉनने तर २००८ पासून बरीच वर्षं खास असे चाकांवर राहणारे लोकच त्यासाठी बोलावले, त्यातले पुष्कळ साठीच्या पुढचे होते. उन्हाळ्यात सरकारी जंगलांत नि पार्कांत तंबूच्या जागांची देखभाल करायची, बदल्यात गाडी लावायला जागा, पाणी, वीज फुकट.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. म्हातारपणी घरभाडं परवडत नाही म्हणून बसमध्ये गेलेली माणसंही त्यात आहेत आणि बीटाच्या हंगामात रात्रपाळी करणं ही काही हौस नव्हे. चाळीस फुटी गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते, म्हणून व्हिडिओत दिसतं तसं रोज रोज कोणी हिंडत नाही, काम असेल तिथे महिनोन्महिने उभे राहतात. विमा मिळायला त्रास. आणि पत्ता! मतदान, लायसन्स, टपाल सगळ्याला पत्ता लागतो. त्यासाठी बरेचजण साउथ डकोटात जातात, तिथे एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल घेणारा पत्ता दाखवला की लायसन्सपुरतं तरी रहिवासी होता येतं. आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी गोव्यात १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, त्यामुळे हे ऐकून मी भाचीला दोनदा विचारलं खरं का म्हणून.

आता मला जे बोलायचंय ते. काम जिकडे तिकडे घर, हे आपल्याला नवीन आहे का? आपले तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, आठ-नऊ महिने बोटीवर काढतात, कुटुंबाचं पोट त्यावर चालतं, त्यांना कोणी विचारत नाही खातात काय. जत्रेत खाजं विकणारे खाजेवाले बघा, बोडगेश्वराची जत्रा झाली की पुढची, मग शिरगावची लईराई, मग कुठलं चर्चचं फेस्त, टेंपोतच सामान, टेंपोखालीच झोप. आणि दशावतारी मंडळी. तुळशीचं लग्न झालं की बाहेर पडतात ते पावसाच्या तोंडावर घरी, आज पेडण्यात तर उद्या सावंतवाडीकडे, रात्रभर नाटक, पहाटे तोंडाचा रंग पुसून गाडीत झोपायचं ते पुढच्या देवळापाशी उठायचं. पावसात तीच माणसं शेतात. अमेरिकेतली ती बीटाच्या हंगामाची माणसं आणि आपला हा नाटकवाला, मला दोघांत काही फरक दिसत नाही, हंगामाप्रमाणे हलणारं पोट आहे ते.

म्हणूनच पुढची गोष्ट मनाला लागून राहिलीय. करोना संपून नाटकं परत चालू झाली तेव्हा एका दशावतारी कंपनीचे मालक माझ्या शेडमध्ये आले. त्यांनी एका शाळेची जुनी बत्तीस सीटांची बस घेतली होती. म्हणाले, "मिस्त्री, पोरं पेट्यांवर बसून झोपतात, मान मोडते त्यांची, जरा नीट करून दे." मी जीव ओतून काम केलं. पुढे दहा सीटा ठेवल्या, मागे दोन मजली फळ्या झोपायला, खाली कपड्यांच्या नि दागिन्यांच्या पेट्या सरकवायला रेल, आणि गणपतीचा पेटारा ठेवायला सगळ्यांत वर, कुणाचा पाय लागणार नाही असा कोनाडा. एकही पिलर, म्हणजे बॉडीचा उभा खांब, कापला नाही, खिडकी बुजवली नाही, बॅटरीवर दोन पंखे नि एक मोबाईल चार्जिंगचा बोर्ड. गाडी पासिंगला नेली तिथे सांगितलं, आर.सी. बुकात बत्तीस सीटा आहेत तर गाडीत बत्तीस सीटा पाहिजेत. संपलं. काय करावं, कुठला अर्ज द्यावा हे सांगायला कोणी तयार नाही. तीन फेऱ्या झाल्या, हंगाम तोंडावर, शेवटी सगळं काढलं आणि सीटा परत बसवल्या. मी मजुरी निम्मीच घेतली पण त्या माणसाचे पैसे गेले ते गेलेच. पोरं आजही पेट्यांवर बसून झोपतात.

कायदा मला अमान्य नाही हे स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की परवानगीशिवाय गाडीत फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीने बनवलेल्या मूळ ढाच्याला हात लावायचा नाही असंच बजावलं. बरोबर आहे. कोणी अर्धवट शिकलेला येऊन टप वाढवायला पिलर कापतो आणि कशीतरी जोड देतो, अशी गाडी घाटात उलटली तर आतला एकही वाचणार नाही, मी असली कामं डोळ्यांनी बघितली आहेत आणि परत पाठवली आहेत. पण नियमात मोटर कॅरव्हॅन असा वेगळा प्रकार आहे, त्याला एआयएस १२४ हे मानक आहे, म्हणजे राहण्याजोगी गाडी सरकारला मान्य आहे. केरळने २०२१ मध्ये कॅरव्हॅनसाठी धोरण आणलं, महाराष्ट्रानेही आणलं. ते सगळं पर्यटकांसाठी, एसी लावलेल्या नव्या कोऱ्या गाड्यांसाठी. नाटकवाल्याने, खाजेवाल्याने, किंवा गावोगाव डोळे तपासणाऱ्या डॉक्टरने जुनी चांगली बस घेतली तर त्याने काय करायचं? एका गाडीसाठी माझ्यासारख्या शेडवाल्याने मानकाची टेस्ट कुठे नि कशी करून घ्यायची?

कोणी म्हणेल, गोव्यात असली परवानगी दिली की उद्या सगळे मोर्जी-हरमलला गाड्या लावून संसार मांडतील. ती भीती मला पण आहे. किनाऱ्यावर उघड्यावर रांधायला २०१९ पासून बंदी आणि दंड आहे, तो कडक घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. मी मागतोय ते मुक्कामासाठी नाही, कामासाठी हिंडणाऱ्यांसाठी.

आणि आपल्याकडे हे काम करणारे हात आहेत हो. आमच्या सत्तरीतल्या होंडा-भुईपाल पट्ट्यात बसबॉडीचं काम १९८० च्या दशकापासून चालू आहे, दोन पिढ्या त्यात तयार झाल्या. पत्रा वाकवणारे, फ्रेम लावणारे, रेक्झिनचं काम करणारे, वायरिंगवाले. त्यातले कितीतरी आज कुठल्या सिक्युरिटीत बसलेत नाहीतर घरी आहेत. दुसरीकडे शाळांच्या नि सरकारी गाड्या वय झालं की भंगारात, सरकारी गाडीला तर १५ वर्षं झाली की १ एप्रिल २०२३ पासून रजिस्ट्रेशनच पुढे वाढवून मिळत नाही. त्या गाड्या रस्त्यावर परत आणा असं मी म्हणत नाही, धूर सोडणारी गाडी जायलाच हवी. पण खाजगी शाळांच्या दहा-बारा वर्षांच्या, दरवर्षी फिटनेस पास होणाऱ्या गाड्या मी भंगाराच्या अड्ड्यावर गॅसकटरने कापताना बघतो तेव्हा पोटात कालवतं, कारण त्यांचे पिलर कोणी कसे वेल्ड केलेत ते मला दिसतं.

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या वार्ताहराला वाहतूक खात्यात पाठवून एक प्रश्न विचारून घ्या, की फिटनेस चालू असलेली जुनी स्कूलबस, मूळ ढाच्याला हात न लावता, सीटा कमी करून झोपायची नि सामानाची सोय केली तर आर.सी. बुकात तो बदल नोंदवायला कुठला फॉर्म, किती फी आणि कोणाची सही. उत्तर येईल ते जसंच्या तसं छापा. नाटकवाले मालक तुळशीच्या लग्नाआधी परत येतो म्हणालेत. त्यांच्या फळ्या आणि गणपतीच्या पेटाऱ्याचा तो कोनाडा मी अजून शेडमध्ये झाकून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त बसबॉडी फिटर, सत्तरी