पैशांच्या पानावर मनाबद्दलही लिहा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं पैशांचं पान मी नेमाने वाचते. चांगलं असतं पण त्यात सगळं एसआयपी, फंड आणि टॅक्स वाचवायचं, म्हणजे ज्याच्याकडे महिनाअखेरीस चार पैसे उरतात त्याच्यासाठी. ज्याचा पगार दहा तारखेलाच संपतो आणि तो कशात गेला हे घरात सांगायची पण लाज वाटते त्याने काय वाचायचं?

मी बँकेतून रिटायर झालेय, त्यामुळे कॉलनीतली मुलं-मुली स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येतात. मध्यंतरी एक नर्स आली (तिला विचारूनच लिहितेय). आम्ही दोघींनी तिच्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर प्रत्येक खरेदीपुढे पेनाने लिहून काढलं की त्या दिवशी काय झालं होतं. आयसीयूतला पेशंट गेला त्या रात्री कुर्ते, घरी लग्नावरून वाद झाला त्या दिवशी एअर फ्रायर, आणि वेळ बघितली तर बहुतेक ऑर्डरी रात्री बारानंतरच्या. कुर्त्यांची पाकिटं अजून फोडलेली पण नाहीत. म्हणाली, काकू ऑर्डर करेपर्यंतच बरं वाटतं, घरी आली की बघावंसं वाटत नाही. अशा पोरीला उधळी म्हणून काय मिळणार, ती अजून लपवेल एवढंच.

त्यात ती दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी भरायची रक्कम, भरत होती आणि तिला वाटायचं कर्ज फिटतंय. समजा ६० हजार बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज झालं २,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मग तुम्ही ३ हजार भरले तर मूळ रकमेतून कमी झाले फक्त ५२२ रुपये! शिवाय बाकी असताना नवीन काही घेतलं तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षाला ३० टक्क्यांची जी मर्यादा ग्राहक आयोगाने घातली होती ती पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे आपलं आपणच सांभाळायला हवं. आणि गंमत नाही सांगत, खूप जणांची एफडी सात टक्क्यांनी पडून असते आणि कार्डावर वर्षाला चाळीस टक्के भरत असतात, कारण एफडी मोडली की घरी कळेल. मोडा हो. नाहीतर बँकेला सांगून थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून घ्या, व्याज बरंच कमी लागतं, फक्त हप्ते चालू असेपर्यंत कार्ड कपाटात ठेवायचं.

तिने अॅपमधून कार्डाचा नंबर काढून टाकला, नोटिफिकेशन बंद केली, आणि रात्री काही आवडलं तर कार्टमध्ये टाकून झोपायचं असं ठरवलं. सकाळी उठल्यावर त्यातलं बरंचसं नको वाटतं म्हणते. "फक्त २ शिल्लक" असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत बसत नाही, पण ते रात्री एक वाजता कोणाला आठवतंय. स्वतःच्या मजेसाठी थोडी रक्कम मात्र तिला मीच बाजूला ठेवायला लावली, सगळंच बंद केलं की माणूस पुढच्या महिन्यात दुप्पट खर्च करतो हे मी खूप घरांत बघितलंय. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो आईला खरा आकडा सांगितल्यावर, आई रडली, ओरडली, आणि मग दोघी वही घेऊन बसल्या.

कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचेत, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि खर्चामागचं दुःखच मोठं असेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फ्री आहे.

दिवाळीच्या आधी तुमच्या पेपरात सेलच्या पानभर जाहिराती येतात, त्या येणारच, पण त्याच आठवड्यात मिनिमम ड्यूचं हे गणित एका चौकटीत छापा आणि एखाद्या समुपदेशकाला पैशांच्या पानावर लिहायला सांगा एवढी विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली