पाइप नंतर, आधी आटे आणि बोल्ट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पद्मिनीत मोठं इंजिन टाकून मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक केलेल्या, म्हणजे मागचा एक्सल पाइपच्या चार लिंकांवर धरलेल्या गाडीबद्दल वाचलं. पोरांनी मेहनत घेतलीय ते दिसतंच, पण मजबुतीचं सगळं कौतुक "क्रोमोली पाइप वापरलाय" इथेच संपलं, आणि मी मिरजोळे एमआयडीसीत लेथवर उभा राहणारा माणूस, त्यामुळे मला काय गप्प बसवेना.

पाटे असतात तेव्हा तेच स्प्रिंग आणि तेच एक्सल जागेवर धरणारे. ते काढले की सगळी धराधर चार लिंका आणि एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या एका आडव्या पॅनहार्ड रॉडवर येते. हिशोब करून बघा. टायर ६०० मिमीचा म्हणजे एक्सलचा मध्य जमिनीपासून ३०० मिमीवर, खालच्या लिंका त्याच्या १०० मिमी खाली, वरच्या १०० मिमी वर, सगळ्या आडव्या धरा, तर रेस दिल्यावर टायर जेवढा जोर लावतो त्याच्या दुप्पट दाब खालच्या जोडीवर येतो आणि वरची जोडी त्या जोराइतकी ताणली जाते. ब्रेक मारला की उलटं. डिकीत जागा पाहिजे म्हणून वरच्या-खालच्यातलं अंतर कमी केलं की भार अजून वाढला. आणि हे दाब-ताण दाब-ताण सतत चालू, वर आपले खड्डे आहेतच.

आता तो क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. त्याचा ४१३० नंबरचा पाइप साध्या पाइपपेक्षा ताकदवान असतो हे खरं, पण लांब बारीक लिंक दाबाखाली बाकदार होते तेव्हा ताठपणा लागतो, आणि तो सगळ्या स्टीलचा जवळपास सारखाच, साधारण २०० गिगापास्कल, मग स्वस्त असो की महाग. तिथे कामाला येतो व्यास आणि लांबी. लांबी दुप्पट केली तर वाकायच्या आधी पेलता येणारा भार पाव होतो. म्हणजे जाड व्यासाचा साधा सीमलेस पाइप बारीक क्रोमोलीला सहज भारी पडेल. फक्त सरळ ठेवा, सायलेन्सर आडवा येतो म्हणून लिंकेला बाक दिला की संपलं, मग कुठलाही पाइप घ्या.

पण खरी गंमत टोकाला आहे. तुटलेली लिंक हातात घेऊन बघा, पाइप बहुतेक वेळा धडधाकट असतो, तुटलेला असतो रॉड एंडचा, म्हणजे लिंकेच्या टोकाला बसवलेल्या फिरत्या गोळीच्या सांध्याचा आटेवाला दांडा, तोही त्याला घट्ट धरणाऱ्या चेकनटच्या कडेच्या पहिल्याच आट्यात. तिथे बारीक रेष पडते, रेषेच्या जुन्या भागावर गंजाचा तपकिरी डाग आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत, म्हणजे ती आधीपासून चिरत आली होती, कुणी बघितलं नाही एवढंच. बहुतेकदा कारण असं की एक्सल वर-खाली होताना गोळी रॉड एंडच्या कडेला टेकते आणि दांडा वाकायला लागतो. म्हणून स्प्रिंग काढून एक्सल जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन गोळी कुठे अडकते का ते बघायचं, दोन्ही बाजू सारख्या आणि मग एक बाजू वर एक खाली असंही. दांडा निदान त्याच्या व्यासाच्या दीडपट लिंकेत आत गेलेला हवा. बोल्ट ब्रॅकेटच्या दोन कानांमधे हवा, एकाच पट्टीला लटकवलेला नको, आणि कानातून आटे नाही, गुळगुळीत भाग गेला पाहिजे.

बोल्टवरून आठवलं, आपल्याकडे खारी हवा, महिन्याभरात बोल्ट लाल होतात, म्हणून कोणीतरी मिरकरवाड्याला होडीचं सामान मिळतं तिथून स्टेनलेसचे बोल्ट आणतो आणि खुश होतो. त्या बोल्टच्या डोक्यावर ए२-७० ही ग्रेड लिहिलेली असते, तो ४५० मेगापास्कलला कायमचा ताणायला लागतो. साधा ८.८ ग्रेडचा स्टीलचा बोल्ट ६४० पर्यंत जातो, १०.९ चा ९००. होडीवर ठीक आहे हो, लिंकेत नको. ८.८ किंवा १०.९ घ्या, ग्रीस लावा आणि गंज खड्डे पाडायला लागला की फेका, कारण त्या खड्ड्यातूनच चीर सुरू होते.

रस्त्यावर रोज फिरायचं असेल तर दोन्ही टोकांना रॉड एंड लावूच नका असं माझं मत. लाल माती आणि पावसाचं पाणी गोळीत गेलं की ती खडखडायला लागते. एका टोकाला रबर बुश, दुसरीकडे रॉड एंड, वर रबरी टोपी, एवढं पुरे. टेफ्लॉन अस्तरवाल्या रॉड एंडमधे ग्रीस भरू नका, ग्रीसला माती चिकटते आणि अस्तर खाते.

अर्थात असली गाडी रस्त्यावर आणायची का हा वेगळाच प्रश्न. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधे कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मधे तेच सांगितलं. पुरवणीत याबद्दल एक ओळ तरी यायला पाहिजे होती, लेख वाचून उद्या चार पोरं ग्राइंडर घेऊन पाटे कापायला बसतील.

आणि स्पेअर पार्टवाल्यांना एक विनंती, रॉड एंड विकताना नुसतं "हेवी ड्यूटी" म्हणू नका, तो किती किलोन्यूटनचा आहे ते बिलावर लिहा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

आपला,
एक टर्नर, रत्नागिरी